तिसऱ्या मजल्याच्या वरच्या पाच खोल्या

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आज माझं तोंड बंद केलं. मालकांना उभ्या जन्मात जे जमलं नाही, ते या बाईंनी एका चिठ्ठीवर दोन ओळी खरडून करून दाखवलं. ऑपरेशन नीट झालं, घशातली गाठ साधी निघाली. पण पुढच्या तपासण्या होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मी कानाशी हात नेऊन, निदान कुजबुजू का, असं खुणेनं विचारलं. "कुजबुज तर मुळीच नाही," त्या म्हणाल्या, "तिनं घशाला जास्त ताण बसतो."

बायकोनं विचारलं, "म्हणजे किती दिवस, डॉक्टर?"

"एप्रिल उजाडेल."

"थोडे वाढवून मिळतील का?"

दोघी हसल्या. मी हसलो नाही. हसायलाही बंदी आहे.

आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली आणि बसबाहेर भाषणं. युनियनमध्ये मला 'भोंगा' म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. लाउडस्पीकर बंद पडला तरी माझी सभा कधी बंद पडली नाही. आता छातीत वाक्यं तुंबून बसली आहेत. लिहायला बंदी नाही, म्हणून ही वही.

परत बोलायला लागेन त्या दिवशीचं पहिलं वाक्य आत्तापासून घडवायला घेतलं आहे. मसुदा एक: "मित्रहो, मौन ही गुलामाची भाषा आहे, आणि मी ती शिकून परत आलो आहे!" बरं आहे. अजून धार हवी.

७ फेब्रुवारी

संवादाची व्यवस्था लागली. लांबलचक सांगायचं तर पाटी. नाहीतर चमचा आणि कप: एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. हिनं तिसरी खूणही ठरवली: खूप वेळा वाजवला तर चमचा काढून घेण्यात येईल.

संध्याकाळी सूनबाई दुकानातून आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. मुलगा लांबच्या मार्गावर ट्रक चालवतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो. सूनबाई हातपाय धुऊन माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला आता वेळ आहे ना?"

कपावर एक टिंग.

"मला कुणाला तरी मोठ्यानं समजावून सांगितल्याशिवाय कळतच नाही. तुम्ही नुसतं ऐकाल का?"

"हे? ऐकणार?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. मग हसणं. मग भांडं पडल्याचा आवाज.

सूनबाईची परीक्षा मार्चच्या मध्यावर आहे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाच्या शिक्षणासाठी तिची जागा राखून ठेवली आहे. अट एकच, रसायनशास्त्राचा राहिलेला पेपर सुटला पाहिजे. दोनदा गेला. यंदाही गेला तर जागा दुसऱ्याला मिळेल, आणि वयाच्या अटीमुळे तिला पुन्हा अर्ज करता येणार नाही. ही शेवटची गाडी आहे.

पेपर का जातो हे मला कोडंच आहे. डोकं तल्लख आहे तिचं. गेल्या खेपेस परीक्षेच्या आदल्या दिवशी संप पेटला होता, आमच्या पुढच्या खोलीत माणसं मावत नव्हती, आणि या मुलीनं किटलीवर किटली चहा पुरवला. त्याआधीच्या वर्षी कराराची बोलणी होती, तेव्हाही तसंच. एका शब्दानं तक्रार नाही. सगळे कार्यकर्ते म्हणतात, सून असावी तर अशी.

८ फेब्रुवारी

पहिला धडा. अणू.

मी शेकडो सभांत सांगत आलो आहे, की अणूत केंद्राभोवती इलेक्ट्रॉन फिरतात तसे मालकाभोवती कामगार फिरतात, आणि म्हणून कामगारांनी एकदा ठरवलं तर अणुबाँब होतो. टाळ्या हमखास. सूनबाईनं आज सांगितलं, की ग्रहांसारखं गोल फिरणं वगैरे आता कुणी मानत नाही. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही, त्याच्याजवळ ऊर्जा किती आहे ते मात्र सांगता येतं. आणि ती मनाला येईल तेवढी नसते. ठरलेल्या पायऱ्या असतात. एक तर या पायरीवर, नाहीतर त्या. अधेमधे लटकायची सोय नाही.

"प्रत्येक इलेक्ट्रॉन जमेल तितक्या खालच्या पायरीवर राहायला बघतो," ती म्हणाली.

मी दोनदा टिंग केलं. पाटीवर लिहिलं: खाली राहण्यात कुणाला हौस असते?

"बाबा, इथे खाली म्हणजे हलकं नव्हे. खाली म्हणजे निवांत. घरी आल्यासारखं."

पहिल्या पातळीत दोन जागा. दुसरीत आठ. तिसरीत अठरा. हायड्रोजनकडे एक इलेक्ट्रॉन, हीलियमकडे दोन. हीलियमचं घर भरलेलं, म्हणून तो कुणाशी जोडला जात नाही, कुठल्याच युनियनमध्ये नाही. लिथियमचा तिसरा दुसऱ्या पातळीत जातो, तिथे एकटा असतो, आणि एकटा म्हणून चटकन निघून जातो. मूलद्रव्याचा सगळा स्वभाव बाहेरच्या पातळीत किती जण बसलेत त्यावर ठरतो. रंग, चकाकी, पाण्यात टाकलं तर पेटेल की नुसतं बुडेल, सगळं काही.

हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? पंचाहत्तर टक्के भाषणं सुधारली असती.

आणखी एक. सूनबाईचा आवाज चांगला आहे. खर्जातला, स्पष्ट. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं. घरात मोठ्या आवाजांची सवय लागली की असं होत असावं.

१३ फेब्रुवारी

आज एक नियम ऐकून मी कप फोडायचाच बाकी ठेवला. एकाच पातळीत सारख्या ऊर्जेच्या दोन-चार खोल्या असल्या, तर इलेक्ट्रॉन आधी प्रत्येक खोलीत एकेक जातात. सगळ्या खोल्यांत एकेक झाला, की मगच दुसरा जोडीला येतो. आणि एका खोलीत दोनापेक्षा जास्त कधीच नाहीत.

बस! माझी बस! पहिल्या थांब्यावर माणसं चढतात, आणि प्रत्येक जण रिकामा बाक शोधतो. सगळ्या बाकांवर एकेक जण झाला, की मगच पुढचा मनुष्य कुणाच्या तरी शेजारी, अंग चोरून, "जरा सरकता का" म्हणत बसतो. मी हे जन्मभर पाहिलं आणि मला वाटायचं हा माणसांचा आपलपोटेपणा. तो तर विश्वाचा कायदा निघाला.

पाटीवर हे लिहून दाखवलं. सूनबाई आधी हसली, मग तिनं पुस्तकाच्या कोपऱ्यात 'बस' असं लिहिलं. "हे मी मेले तरी विसरणार नाही," म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तरी आज सभा जिंकल्यासारखं वाटतं आहे.

१७ फेब्रुवारी

आज माझा संताप झाला आहे. पोटॅशियम!

पोटॅशियमकडे एकोणीस इलेक्ट्रॉन. पहिल्या पातळीत दोन, दुसरीत आठ, झाले दहा. उरले नऊ. तिसऱ्या पातळीत जागा अठरा. मग नऊच्या नऊ तिथे बसले पाहिजेत की नाही? तर नाही. पुस्तक म्हणतं, आठ बसले आणि एकोणिसाव्याला पाठवलं चौथ्या पातळीत. तिसरीत दहा जागा रिकाम्या असताना!

कुणाच्या हुकमानं? दहा जागा कुणासाठी राखून ठेवल्या आहेत? मी हे नाटक ओळखतो. बसच्या पुढच्या बाकांवर साहेबांसाठी रुमाल टाकून ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि ते रुमाल उचलून म्हाताऱ्यांना बसवलं आहे, त्यासाठी निलंबितही झालो आहे. रिकामी जागा असताना माणसाला उभं ठेवणं हा गुन्हा आहे. तो बसमध्ये गुन्हा असेल तर अणूत न्याय कसा होईल?

पाटी भरभरून लिहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. छपाईची चूक आहे, असंही लिहिलं. सूनबाई म्हणाली, "पण बाबा, पुस्तकात सगळीकडे दोन, आठ, आठ, एक असंच आहे." मी लिहिलं, एका पुस्तकाची चूक दुसरं पुस्तक उतरवून घेतं, हेच तर वर्षानुवर्षं चाललं आहे. तिनं पाटी पुन्हा वाचली. मग म्हणाली, "तुम्ही एवढं वाचलंय. तुम्ही म्हणता तर असेल."

सत्य बोललं की पटतं. न बोलताही पटतं!

२४ फेब्रुवारी

सूनबाईच्या संध्याकाळच्या क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. पेपर परत मिळाला. तिनं तो माझ्यासमोर ठेवला नाही, हिनं ठेवला.

पोटॅशियम: दोन, आठ, नऊ. त्यावर लाल काट. कॅल्शियम: दोन, आठ, दहा. लाल काट. पुढचा प्रश्न, पोटॅशियम पाण्यात टाकल्यावर पेट का घेतं. उत्तराची जागा कोरी. शेवटी क्लासच्या बाईंचा शेरा: "ही चूक तुमच्याकडून अपेक्षित नव्हती. असंच लिहिलंत तर कठीण आहे."

सूनबाई म्हणाली, "बाबांचं काय चुकलं? मीच विचार करायला हवा होता." मग हळूच म्हणाली, "उत्तर लिहिताना मला कळत होतं की काहीतरी बसत नाहीये. बाहेर नऊ जण दाटीवाटीनं बसलेत, मग पेटायला तयार कोण? सोडियम पेटतो, कारण त्याच्या बाहेर एकटा असतो. पोटॅशियमचा एकटा कुठे गेला? मला वाटलं, आपलं डोकंच चालत नाही. मागच्या दोन्ही वेळेसारखं."

ही एकदम माझ्याकडे वळली. नुसती बघत राहिली. 'मागच्या दोन्ही वेळा' म्हटल्यावर माझ्याकडे का पाहावं, मला कळलं नाही.

आज कपाला हात लावला नाही.

२५ फेब्रुवारी

सकाळपासून पुस्तक घेऊन बसलो आहे. मान्य करतो, पोटॅशियम पाण्यात पेटतं. निसर्ग माझ्या बाजूनं मतदान करत नाही. पण का? नियम सांगितला म्हणून नियम मानणं मला जमत नाही, कधी जमलं नाही. पुस्तकात एवढंच आहे की तिसऱ्या पातळीच्या पोटात आणखी उपपातळ्या असतात, आणि तिच्यातल्या 'डी' नावाच्या पाच खोल्यांची ऊर्जा चौथ्या पातळीच्या पहिल्या खोलीपेक्षा जास्त असते. वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. तिसरीतली खोली चौथीच्या वर कशी?

सूनबाई आली, जेवली, पुस्तक न उघडता झोपायला गेली. पहिल्यांदाच.

२७ फेब्रुवारी

सुटलं! आणि ज्या जागी सुटलं त्या जागी मी रोज चप्पल काढतो.

आधी आमच्या इमारतीविषयी. ती उतारावर आहे. पुढचा भाग जुना, त्याला तीन मजले. आम्ही तिसऱ्यावर. घरमालकाला वर चौथा मजला चढवायची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यानं गच्चीवर पाच खोल्या बांधल्या आणि कागदोपत्री त्यांना तिसरा मजलाच म्हटलं. दारांवरचे नंबरही तीननंच सुरू होतात. मागचा भाग नंतर झाला. जमीन तिकडे खाली, छतं ठेंगणी. त्यामुळे आमच्या दारावरून जिना वर चढायला लागलं, की आधी मागच्या भागाच्या चौथ्या मजल्याचं दार लागतं, आणि त्याच्याही वर गेल्यावर त्या पाच खोल्या.

दुपारी ही शिवलेले कपडे आणायला निघाली. दोन शिंपिणी आहेत. एक गच्चीवरच्या पाच खोल्यांपैकी एकीत, दुसरी मागच्या चौथ्यावर. ही नेहमी दुसरीकडे जाते. मी पाटीवर लिहिलं: आपल्याच मजल्यावरची शिंपीण सोडून चौथ्यावर का जातेस?

"आपला मजला!" ही दारातूनच कडाडली. "गुडघे माझे दुखतात की मजल्याच्या नंबराचे? दारावर तीन लिहिलं म्हणून चढ कमी होतो का? चौथ्यावरची आधी लागते. ती कामात असली तरच मी वर जाते."

ती गेली. मी पाटी हातात घेऊन तसाच उभा. मग अनवाणी जिना चढलो. चौथ्याचं दार आधी. पाच खोल्या नंतर. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. हिनं वरून ओरडून विचारलं, "काय हरवलं?"

एकोणिसावा! एकोणिसावा इलेक्ट्रॉन सापडला!

त्याला कुणी हाकललं नव्हतं. त्या दहा जागा कुणा साहेबासाठी राखून ठेवलेल्या नव्हत्या. पाच खोल्या, प्रत्येकीत दोन, दहा जागा, पण गच्चीवर. नंबर तिसऱ्याचा, चढ मात्र चौथ्याच्या वरचा. त्यानं दारावरचा नंबर पाहिलाच नाही. त्यानं चढ पाहिला.

संध्याकाळी सूनबाईला हात धरून जिन्यात नेलं. तिच्यासमोर पायऱ्यांवर खडूनं लिहीत गेलो. ती दोन पायऱ्या चढली, थांबली, आणि स्वतःच बोलायला लागली. "म्हणजे पोटॅशियमचा एकोणिसावा या दारात. कॅल्शियमचा विसावा पण इथेच, जोडीला. एकविसावा आला, आता इथे जागा नाही, म्हणून तो वर, गच्चीवरच्या पहिल्या खोलीत. बाविसावा दुसऱ्या खोलीत. बाबा, म्हणजे स्कँडियमपासून पुढच्या दहा धातूंत गच्चीच भरत जाते! म्हणून ते सगळे एकमेकांसारखे! बाहेरच्या दारात सगळ्यांकडे तेच दोघे बसलेले!"

चौथ्यावरची शिंपीण दार उघडून म्हणाली, "कोण बसलंय माझ्या दारात?"

"कॅल्शियम, मावशी," सूनबाई म्हणाली, आणि इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

४ मार्च

सगळं ठरल्याप्रमाणे भरतं म्हणावं, तर एक बंडखोर निघालाच. क्रोमियम. चोवीस इलेक्ट्रॉन. हिशेबानं चौथ्याच्या दारात दोन आणि गच्चीवर चार, म्हणजे एक खोली रिकामी. प्रत्यक्षात चौथ्याच्या दारातला एक जण उठून वर जातो. खाली एक, वर पाचही खोल्यांत एकेक. पुस्तक म्हणतं, दोन्हींतल्या चढाचा फरक इथे फार थोडा उरतो, आणि जोडीत दाटून राहण्यापेक्षा पाचही खोल्यांत एकेक असणं जास्त स्थिर.

सूनबाईला हे लक्षात राहत नाही. चार-दोन की पाच-एक, दर वेळी अडखळते. मला मात्र क्रोमियम आवडला. मसुदा सातवा: "मित्रहो, मी क्रोमियम आहे!" हिला दाखवला. म्हणाली, "लोक डॉक्टरांकडे परत पाठवतील."

१४ मार्च

उद्या पेपर. आज जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण युनियनचा सेक्रेटरी माझ्याशी बोलेनासा होणार अशी चिन्हं आहेत.

दिवेलागणीला सूनबाई उजळणी करत होती, मी चमच्यासह हजर. जिन्यात पावलं वाजली. सेक्रेटरी, मागे वीसेक कार्यकर्ते. डेपो बंद करायची नोटीस आली होती. उद्या दुपारी बोलणी.

"भोंगा, बैठक घ्यावी लागेल. मागण्या आत्ताच ठरल्या पाहिजेत," असं म्हणत सेक्रेटरी चपला काढायला लागलासुद्धा. माझ्या मागून सवयीचा आवाज आला. पुस्तक मिटल्याचा, खुर्ची सरकल्याचा, आणि मग स्वयंपाकघरात किटलीचा.

हा किटलीचा आवाज मी हजारदा ऐकला असेल. आज पहिल्यांदा तो पुस्तक मिटल्याच्या आवाजानंतर ऐकला.

मी दारात आडवा उभा राहिलो. पाटीवर लिहिलं: इथे नाही.

"इथे नाही म्हणजे? इतकी वर्षं इथेच होते बैठक!"

लिहिलं: सूनबाईचा उद्या पेपर.

"अरे, दोनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे! आतल्या खोलीत बसेल ती. आम्ही काय तिच्या पुस्तकात डोकावतोय?"

मला सांगायचं खूप होतं. दोनशे माणसांसाठी मी आजही तुरुंगात जाईन, हे सांगायचं होतं. हक्क मागणाऱ्यांनी आपल्याच घरातल्या एका जागेवर रुमाल टाकून बसू नये, हेही सांगायचं होतं. पाटी मात्र एवढीशी. मी फक्त लिहिलं: जिन्यात बसा. हळू बोला. मी येतो.

मागून ही म्हणाली, "चहा मी देते जिन्यात. ती नाही." आणि सूनबाईच्या हातून किटली काढून घेतली.

सेक्रेटरीनं दात-ओठ खाल्ले. पण बसले सगळे. भोंग्याच्या दारात वीस कामगार कुजबुजत मागण्या ठरवताहेत, असं दृश्य या युनियननं कधी पाहिलं नव्हतं. मी पाटीवर तीन मुद्दे लिहून दिले. कधी नव्हे ते तीनच. सेक्रेटरीनं ते दोनदा वाचले आणि म्हणाला, "हे तू बोलला असतास तर मध्यरात्र झाली असती."

आणि आता खरी गोष्ट. दार किलकिलं होतं. सूनबाई वही घेऊन फटीशी उभी राहिली, आणि तिनं माझी बाही ओढली. "बाबा, बघा."

खाली उतरणारा जिना माणसांनी भरून गेला होता. चौथ्याच्या दाराच्या उंबरठ्यावर दोन ड्रायव्हर खेटून बसले होते. त्यांच्या वर गच्चीकडे जाणाऱ्या पाच पायऱ्या. तिथे चार जण, प्रत्येकानं आपली पायरी धरलेली, एक पायरी रिकामी. उंबरठ्यावरचे दोघे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. शेवटी जाडा ड्रायव्हर वैतागून उठला, "तूच बस पसरून," म्हणाला आणि वर जाऊन रिकाम्या पायरीवर बसला.

"क्रोमियम," सूनबाई श्वास रोखून म्हणाली. "खाली एक, वर पाच." मग तिनं वही मिटली. यावेळी किटलीसाठी नव्हे. "झालं माझं, बाबा. आता झोपते."

१५ मार्च

पेपर झाला. क्रोमियम आला होता. पोटॅशियमही. ती बोलत नाही फारसं. "लिहिलंय," एवढंच म्हणाली.

डेपोच्या बोलण्यांना मुदत मिळाली. तीन मुद्द्यांपैकी दोन मान्य.

३१ मार्च

डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घालून पाहिलं. आणखी थोडे दिवस थांबा म्हणाल्या. नऊ एप्रिलपासून बोलायला हरकत नाही, पण पहिल्या दिवशी अगदी मोजकं. सेक्रेटरीचा राग निवळला आहे. त्यानं त्याच संध्याकाळी डेपोच्या आवारात सभा ठेवली आहे. पाटी लावली आहे म्हणे: 'भोंगा परत वाजणार.'

मसुदा अकरावा तयार. यात गर्जनाही आहे आणि विनयही. पाठ केला आहे. पहिला आवाज त्या सभेला द्यायचा, तोवर घरात चमचाच. हिला हे मान्य नाही. "पहिलं माझं नाव घेतलं तर बिघडेल का?" म्हणाली. मी पाटीवर लिहिलं, सभेचा मान आहे. ती म्हणाली, "मग सभेकडूनच चहा घ्या."

माझ्या मौनाच्या शेवटच्या दिवसांत एक विचित्र गोष्ट लक्षात येते आहे. सूनबाईचा अभ्यास संपला, तरी ती संध्याकाळी येऊन समोर बसते. दुकानात कोण आलं, कुठली गोळी कुणाला कशी समजावली, डॉक्टरांचं अक्षर कसं. हीसुद्धा येऊन बसते. ही माझ्याशी इतकं कधी बोलत असे का? आठवत नाही. त्या दोघींना बहुधा माझी कीव येत असावी.

९ एप्रिल

सकाळी आरशासमोर कोट घातला, घसा न खाकरता वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हटलं. कोमट पाणी प्यालो. संध्याकाळपर्यंत ओठ उघडायचे नाहीत असं ठरवलं.

अकराच्या सुमारास जिन्यात धावण्याचा आवाज झाला. सूनबाई दुकानातून अर्ध्यातच आली होती, कामावरचा ॲप्रन तसाच अंगावर. चपला न काढता आत. चेहऱ्यावरून काही कळेना, रडली होती की धावली होती. हात गुडघ्यांवर टेकून, धापा टाकत तिनं माझ्याकडे पाहिलं आणि रोज संध्याकाळी पुस्तक उघडताना जे म्हणायची तेच म्हणाली.

"बाबा, ऐकताय ना?"

माझा हात सवयीनं टेबलावर गेला. कप नव्हता. चमचाही नव्हता, हिनं दोन्ही धुवायला नेले होते. ती तशीच वाट बघत उभी.

"ऐकतोय," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. जुना, खरखरीत, खूप खालच्या पट्टीतला. ही स्वयंपाकघरातून हातातला कप घेऊन धावत आली आणि उंबरठ्यावर थबकली. "गेलं," म्हणाली, "गेलं यांचं पहिलं वाक्य."

सूनबाई आधी रडली. मग तिनं सांगितलं. पास झाली, नुसती पास नव्हे. इस्पितळातून फोन आला होता, एक तारखेला रुजू व्हायचं आहे. मग पेपर पहिल्या प्रश्नापासून सांगितला. पोटॅशियमचं उत्तर लिहिताना तिला आईंचे गुडघे आठवले, आणि क्रोमियम लिहिताना जाडा ड्रायव्हर. एका प्रश्नात ती कुठे अडकली होती, तेही सांगितलं, आणि त्याचं उत्तर आत्ता सांगता सांगता तिला सुचलं. मग ही काहीतरी म्हणाली, मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. मी मध्ये बोलू शकत होतो. डॉक्टरांची परवानगी होती.

बोललो नाही. अजून ऐकायचं बाकी होतं.

सभेला उशीर झाला.